५० कुंड्यांचा तयार ठिबक संच: घ्यावा का, आणि घेतला तर काय बदलावं

गच्ची आणि बाल्कनीसाठी ऑनलाइन मिळणारे 'ड्रिप किट' साधारण तीन जातींचे असतात. पहिल्यात नुसती ४ मिमीची बारीक नळी असते: नळाला बसणारा जोड, २०-३० मीटर नळी, प्लॅस्टिकचे टी आणि टोपी फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर (कुंडीत थेंबाथेंबानं पाणी सोडणारी तोंडं). दुसऱ्यात १६ मिमीची काळी लॅटरल मुख्य नळी म्हणून येते आणि तिच्यातून कुंड्यांपर्यंत ४ मिमीच्या फांद्या काढायच्या असतात. तिसरा बादलीत बुडवायचा छोटा पंप असलेला, दहा-पंधरा कुंड्यांपुरता. आमचं मत सरळ आहे. दुसरा संच घ्यावा, पण त्यातले टोपीचे ड्रिपर बहुतेक बदलावेत. पहिला दहा-बारा कुंड्यांच्या पुढे घेऊ नये. तिसऱ्याची एक खोड आहे, ती सांभाळता येणार असेल तरच घ्यावा.

खोकं फोडण्याआधी एक काम करायचं. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून कुंडीपर्यंतची उंची टेपनं मोजायची. संच चालत नाही अशा बहुतेक तक्रारींचं मूळ या एका मापात सापडतं.

दाबाचा हिशोब

पाण्याची उंची दर १० मीटरला साधारण १ किलो दाब देते (१ किलो म्हणजे चौरस सेंटिमीटरला १ किलो, ठिबकवाले असंच बोलतात). ड्रिपरवर छापलेला '४ लिटर' हा आकडा १ किलो दाबावरचा, तासाचा असतो. गच्चीवरच्या कुंड्यांना गच्चीवरच्याच टाकीतून पाणी द्यायचं असेल तर उंची मिळते जेमतेम दीड-दोन मीटर, म्हणजे दाब ०.१५ ते ०.२ किलो. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. त्यामुळे ४ लिटरचा ड्रिपर २ मीटर उंचीवर तासाला सुमारे १.८ लिटर देतो आणि १ मीटर उंचीवर सव्वा लिटर. हा बिघाड नाही. छापील आकडा बघून १५ मिनिटांत एक लिटर पडेल असं धरलं, तर कुंडीला अर्ध्याहून कमी पाणी मिळतं आणि आठवड्याभरात टोमॅटोची पानं माना टाकतात. २ मीटर उंचीवर एक लिटरसाठी ३३-३४ मिनिटं धरा.

खालच्या मजल्यांवर परिस्थिती उलटी असते. सात मजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत टाकीपासून १५ मीटरच्या वर उंची मिळते, म्हणजे दीड किलो किंवा जास्त. तिथे पाणी भरपूर येतं, पण बारीक नळीचे जोड सटकतात. तेही बहुधा रात्री, कारण इमारतीतले बाकीचे नळ बंद झाले की दाब वाढतो. अशा ठिकाणी नळ पूर्ण न उघडता पाव वळसाच उघडा आणि १६ मिमीच्या जोडांवर क्लिप लावा.

या दोन परिस्थितींवरून ड्रिपर निवडायचा. 'प्रेशर कॉम्पेन्सेटिंग', म्हणजे दुकानात ज्याला पीसी म्हणतात तो ड्रिपर महाग असतो, म्हणून लोक तो चांगला समजून घेतात. त्याच्या आत एक रबरी चकती असते, ती दाबानुसार वाकून प्रवाह सारखा ठेवते. पण त्यासाठी तिला अर्धा ते एक किलो दाब तरी लागतो. गच्चीवरच्या टाकीला जोडला तर ती चकती वाकतच नाही, आणि कुठे थेंब तर कुठे काहीच नाही असा प्रकार होतो. पीसी खालच्या मजल्यांवर वापरा, विशेषतः कुंड्या रॅकवर वेगवेगळ्या उंचीवर असतील तर. गच्चीवर साधा, उघडून धुता येणारा ४ लिटरचा बटण ड्रिपर घ्या. २ लिटरचा घेऊ नका. कमी दाबावर त्याचा मार्ग इतका मंद वाहतो की धूळ आतच बसते.

टोपी फिरवून कमी-जास्त करायचे ड्रिपर जवळजवळ सगळ्या खोक्यांत येतात आणि जाहिरातीत तेच पुढे असतात. ५० कुंड्यांना ते नकोत. एक टोपी उघडली की शेजारच्या चार ड्रिपरचा प्रवाह बदलतो, झाडताना हात लागला तरी टोपी फिरते, आणि थेंबाथेंबानं पाणी यावं म्हणून टोपी आवळली तर फट इतकी अरुंद होते की पहिल्या कणाला बंद पडते. एखादा मोठा ड्रम, केळ किंवा लिंबाचं झाड यांना पूर्ण उघडून लावायला मात्र ते उपयोगी आहेत. चार-पाच ठेवा, बाकीचे बाजूला काढा.

४ मिमीची नळी मुख्य नळी म्हणून का चालत नाही

पहिल्या जातीच्या संचात सगळं पाणी बारीक नळीतूनच फिरतं. आतला व्यास ४ मिमी धरला आणि त्यातून तासाला ४० लिटर न्यायचे म्हटले, तर नळीच्या दर मीटरला सुमारे ४० सेंटिमीटर उंचीइतका दाब नुसत्या घर्षणात जातो. तुमच्याकडे एकूण उंचीच २ मीटर आहे. पाच मीटर नळीत ती संपली, मग शेवटच्या कुंडीला काय पोचणार? हेच पाणी १६ मिमीच्या लॅटरलमधून नेलं तर दर मीटरला दीड मिलिमीटरच्या आसपास जातो. म्हणून सगळी लांबी लॅटरलनं काढायची आणि ४ मिमीची फांदी प्रत्येक कुंडीला जास्तीत जास्त अर्धा-पाऊण मीटर ठेवायची. फांद्या शक्य तितक्या सारख्या लांबीच्या हव्यात.

बारीक नळी काळी आहे का हे घेतानाच बघा. पांढऱ्या किंवा पारदर्शक नळीत ऊन जातं, आत हिरवं शेवाळ धरतं आणि त्याचे तुकडे सुटून ड्रिपरमध्ये अडकतात. शिवाय पारदर्शक नळी एका उन्हाळ्यात कडक होऊन जोडाशी चिरते. खोक्यात काळी नसेल तर ती नळी वापरूच नका.

फिल्टर

खोक्यात बोटाएवढी जाळी येते, ती वॉशरमध्ये बसवलेली असते. तिचा उपयोग गोगलगाई आणि पालापाचोळा अडवण्याइतकाच. इमारतीच्या टाकीच्या तळाशी बारीक गाळ असतोच, आणि टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर जास्त. त्यासाठी १२० मेशचा (इंचाला १२० भोकं असलेल्या जाळीचा) स्क्रीन फिल्टर हवा. पाऊण इंची, प्लॅस्टिकच्या बॉडीचा, आटे फिरवून उघडणारा. कृषी सेवा केंद्रात किंवा ठिबकच्या दुकानात तो सुटा मिळतो. बसवताना बॉडीवरचा बाण पाण्याच्या दिशेनं करा. उलटा बसला तर गाळ जाळीच्या चुकीच्या बाजूला साठतो आणि धुताना दिसत नाही. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा उघडून जुन्या टूथब्रशनं जाळी धुवायची. कमी दाबाच्या संचात अर्धी बंद झालेली जाळी म्हणजे उरलासुरला दाबही गेला, म्हणून हे काम टाळू नका.

बसवण्याची पद्धत

लॅटरलचं भेंडोळं आधी तासभर उन्हात ठेवा. नळी मऊ पडते, सरळ पसरते आणि जोड सहज चढतात. सकाळच्या गारव्यात ओढून बसवलेली नळी दुपारी तापून लांबते आणि कुंड्यांच्या मागे नागमोडी वाकते, म्हणून अंथरताना थोडी सैलच ठेवा.

नळाकडून क्रम असा: नळ, टायमर, फिल्टर, मग लॅटरल. नळाला आटे असतील तर अर्धा इंची आहेत की पाऊण इंची ते पाहून जोड घ्या आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. बिनआट्याच्या नळावर स्क्रूनं आवळायचा रबरी जोड मिळतो. तो गच्चीच्या दाबाला ठीक आहे, खालच्या मजल्यावर सटकतो. लॅटरलच्या काटेरी जोडांना टेप लागत नाही. पीव्हीसीचा सोल्यूशनही लावू नका, लॅटरलचं प्लॅस्टिक वेगळं असतं आणि तो तिला चिकटतच नाही.

भोक पाडायला खोक्यातला पंच वापरा, तापवलेला खिळा नको. खिळ्यानं पाडलेल्या भोकाच्या कडा वितळून वेड्यावाकड्या होतात आणि जोड कायम पाझरत राहतो. पंच नळीला काटकोनात धरा, एका बाजूनं आत जाऊन दुसऱ्या बाजूला टोचणार नाही इतकाच दाबा. भोक जागच्या जागी फिरवून मोठं करू नका. चुकलं तर तिथे गूफ प्लग (भोक बुजवायचं छोटं बूच) मारा, म्हणून असे आठ-दहा प्लग जास्तीचे घ्या. बारीक नळीचं टोक गरम पाण्यात दहा सेकंद बुडवलं की जोडावर हातानं चढतं.

शेवटचं टोक लगेच बंद करायचं नाही. आधी नळ सोडून पाच मिनिटं पाणी वाहू द्या. भोकं पाडताना आत पडलेला प्लॅस्टिकचा बारीक कीस त्या पाण्याबरोबर बाहेर येतो. मगच टोक दुमडून इंग्रजी आठाच्या (8) आकाराची एंड कॅप चढवा. पुढेही महिन्यातून एकदा ही कॅप काढून नळी धुवायची असते, म्हणून टोक भिंतीच्या मागे अडकवू नका.

मग पेल्यांची चाचणी. पहिला, मधला, शेवटचा, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा असे पाच ड्रिपर निवडा, प्रत्येकाखाली सारखा पेला ठेवा, १० मिनिटं पाणी चालवा आणि मापानं मोजा. २ मीटर उंचीवर ४ लिटरच्या ड्रिपरखाली ३०० मिलिलिटर जमायला हवं. सर्वांत कमी पेला सर्वांत जास्तीच्या तीन चतुर्थांशाहून खाली असेल तर काही तरी चुकलंय. शेवटचे सगळे कमी असतील तर लॅटरल कुठे तरी मुरगळली आहे, एखादाच कमी असेल तर तो ड्रिपर तुंबला आहे. वरच्या रॅकवरचे कमी असतील तर तो उंचीचा हिशोब आहे: २ मीटरपैकी अर्धा मीटर वर चढवलेल्या कुंडीला सुमारे १३ टक्के पाणी कमी मिळतं, पण उंची मुळात एकच मीटर असेल तर तोच फरक २९ टक्क्यांवर जातो. तिथे दोन ड्रिपर लावणं हाच उपाय.

एक गोष्ट माहितीपत्रकात सहसा नसते. नळ बंद झाल्यावर लॅटरलमध्ये उरलेलं पाणी सर्वांत खालच्या ड्रिपरमधून निथळतं. १६ मिमीच्या लॅटरलमध्ये मीटरला साधारण १४० मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे २० मीटर नळीतलं पावणेतीन लिटर पाणी दर वेळी खालच्या एक-दोन कुंड्यांना जादा मिळतं. तिथली तुळस किंवा कोरफड कुजते आणि दोष मातीला दिला जातो. त्या जागी अळू, पुदिना किंवा ब्राह्मी ठेवा, नाही तर सर्वांत खालची रांग वेगळ्या छोट्या वॉल्व्हवर घ्या.

किती पाणी, किती वेळ

दख्खनच्या मे महिन्यात उघड्या गच्चीवर दिवसाला ७-८ मिमी बाष्पीभवन धरावं. एक मिमी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. १२ इंची कुंडीचं तोंड ०.०७ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या मातीचा हिशोब अर्धा लिटर. पण झाड कुंडीच्या तोंडाबाहेर पसरतं. भरात आलेल्या टोमॅटोचा घेर ०.२ चौरस मीटर धरला तर दिवसाला दीड लिटर लागतं. म्हणून ८-१० इंची कुंडीला एक ड्रिपर, १२-१४ इंचीला दोन, अर्ध्या ड्रमला चार, असं बसवून सगळ्यांना वेळ एकच ठेवणं सोयीचं पडतं. मातीवर दोन इंच पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर वेळ कमी करून बघा. ड्रिपर आच्छादनाखाली, मातीला टेकलेला हवा. मातीत पुरलेला नको, त्यात माती ओढली जाते.

प्रमाण बरोबर आहे का हे कुंडीच्या तळाशी कळतं. पाणी बंद झाल्यावर अर्ध्या तासानं खालच्या भोकाशी नुसती ओल हवी. थारोळं साचलं तर वेळ जास्त झाली. मात्र कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत ही खूण फसवते. कोकोपीट एकदा ठणठणीत वाळलं की पाणी धरत नाही, पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि तळाशी थारोळं दिसूनही मुळं कोरडीच राहतात. अशी कुंडी ठिबकवर घेण्याआधी टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. नंतर ड्रिपर कडेला न ठेवता खोड आणि कड यांच्या मध्ये ठेवा, आणि पाणी एकाच दमात न देता अर्ध्या तासाच्या अंतरानं दोनदा द्या.

टायमर

बॅटरीवरचे टायमर दोन तऱ्हांचे. एकात सोलेनॉइड (विजेच्या चुंबकानं उघडणारा वॉल्व्ह) असतो, तो चालू होताना 'टक' असा एकच आवाज येतो. दुसऱ्यात छोटी मोटर बॉल वॉल्व्ह फिरवते, तिची घरघर दोन-चार सेकंद ऐकू येते. सोलेनॉइडवाल्याला आतला पडदा हलवायला पाण्याचा दाब लागतो, गच्चीच्या टाकीवर तो नीट उघडत नाही किंवा पूर्ण मिटत नाही. गच्चीसाठी बॉल वॉल्व्हचाच घ्या. खोक्यावर किमान दाब ० बार (१ बार म्हणजे साधारण १ किलो) लिहिलेला हवा.

बॅटरी उतरली की वॉल्व्ह आहे त्या स्थितीत अडकू शकतो, उघडा असताना अडकला तर सोसायटीची टाकी रिकामी होते. म्हणून गावाला जाताना थेट टाकीवर टायमर ठेवू नका. २०० लिटरचा ड्रम मध्ये घ्या. दर कुंडीला एक लिटर धरला तर ५० कुंड्यांना तो चार दिवस पुरतो, आणि काही बिघडलं तरी वाया जाऊन २०० लिटरच जातात. ड्रम काळा किंवा निळा आणि झाकणाचा असावा, पांढऱ्यात शेवाळ धरतं आणि उघड्यात डास होतात. एक मीटर उंचीच्या घोडीवर ठेवला तर भरलेला असताना आणि तळाला आलेला असताना प्रवाहात सुमारे २७ टक्क्यांचा फरक पडतो, तेव्हा वेळ शेवटच्या दिवसाच्या हिशोबानं लावा. भरलेला ड्रम २०० किलोंहून जड असतो. स्लॅबच्या मध्यावर न ठेवता तुळई किंवा कॉलमजवळ ठेवा.

पंपवाल्या संचाची खोड

बादलीतला पंप थांबला तरी पाणी थांबत नाही, कारण कुंडीतलं टोक बादलीतल्या पाण्याच्या पातळीखाली असेल तर नळी वक्रनलिकेसारखी वाहतच राहते. सकाळी बादली रिकामी आणि एक कुंडी तुडुंब, हे त्याचंच लक्षण. बादली कुंड्यांपेक्षा खाली ठेवा. ते जमत नसेल तर नळी जिथे सर्वांत उंच जाते आणि बादलीच्या तोंडावरच येते, तिथे सुईनं एक भोक पाडा. पंप चालू असताना त्यातून थोडं पाणी उडेल ते बादलीतच पडेल, बंद झाला की हवा आत जाऊन वक्रनलिका तुटेल. पंप कोरडा चालला तर जळतो, तेव्हा बादली टायमरच्या हिशोबापेक्षा मोठी हवी.

तुंबणं

बोअरच्या पाण्यानं ड्रिपरच्या तोंडाशी पांढरे खडे धरतात. ड्रिपर काढून, उघडून, व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा किंवा लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व घालून चार-पाच तास. शेवाळासाठी ब्लीचिंग वापरायचं असेल तर ते वेगळ्या दिवशी. आम्ल आणि ब्लीचिंग एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

जीवामृत, गोमूत्र, शेणखताचं पाणी यांपैकी काहीही या नळ्यांतून सोडू नका. फडक्यानं गाळलं तरी त्यातला बुळबुळीतपणा नळीत वाढत राहतो आणि आठवड्याभरात अर्धे ड्रिपर बंद पडतात. ते तांब्यानंच घाला.

उन्हाळ्यात खारूताई पाण्यासाठी नळी कुरतडतात आणि कावळे ड्रिपर उपटून नेतात. जवळ उथळ परळात पाणी ठेवलं तर कुरतडणं बरंच कमी होतं. तरी चार जॉइनर आणि दोन मीटर लॅटरल जवळ असूद्या.

सुटं सामान की खोकं

तालुक्याच्या गावी राहत असाल तर खोकं घेऊच नका. ठिबकच्या दुकानात लॅटरल मीटरवर कापून मिळते. तिच्यावर आयएस १२७८६ ही मानकाची छाप आणि आयएसआय खूण बघून घ्या, खोक्यातल्या बिनछापाच्या नळीपेक्षा ती उन्हात कितीतरी वर्षं जास्त टिकते. यादी अशी: १६ मिमी लॅटरल गच्चीच्या मापाप्रमाणे, ४ लिटरचे बटण ड्रिपर कुंड्यांच्या दीडपट, ४ मिमी काळी नळी ३० मीटर, तिचे जोड ड्रिपरइतके आणि वर दहा, १६ मिमीचे एल्बो, टी आणि जॉइनर, दोन एंड कॅप, १२० मेशचा फिल्टर, पंच, गूफ प्लग. शहरात हे दुकान लांब पडत असेल तर दुसऱ्या जातीचं खोकं घ्या आणि फिल्टर, बटण ड्रिपर तेवढे सुटे मागवा.

मातीचं मडकं पुरून पाणी द्यायची जुनी पद्धत ५० छोट्या कुंड्यांना जमत नाही, जागाच खाते. पण दोन बाय दोन फुटांच्या वाफ्यात किंवा मोठ्या ड्रममध्ये वांगी, मिरची, दोडका असेल तर पाच लिटरचं मडकं ठिबकपेक्षा कमी कटकटीचं आहे. मडकं आतून-बाहेरून बिनझिलईचं, बिनरंगाचं घ्या. पाणी भरून सावलीत ठेवलं की काही तासांत बाहेरून ओलं दिसायला हवं. दिसलं नाही तर ते या कामाचं नाही. मानेपर्यंत पुरा, तोंडावर झाकणी ठेवा, आणि क्षारांच्या पाण्यावर वर्षभर वापरल्यावर पाझरणं मंदावलं तर काढून घासून वाळवा.